पियानो लिफ्टमध्ये मावला नाही

मला तो आधी वजन म्हणून भेटला :
चलानावर दोनशे तीस किलो.
माझ्या लिफ्टच्या पाटीवर सहा माणसं, चारशे आठ किलो.
भारात बसत होता, दारात बसेना.
घणसोली, सेक्टर सात, सातवा मजला.
नाहीच मावणार, यावर सोसायटीला माझी सही हवी होती.
दिली.
मग वाशी मार्केटातून चार माथाडी आले,
पट्टे आणि गोणपाट घेऊन.

जिन्याची चौदा वळणं.
आरोळी नाही, मुकादम नाही.
वळणावर पुढचा थांबे, छातीत हवा भरून घेई,
आणि त्या हवेवरच मागचे तिघे उचलत.
मी टॉर्च धरून उभा.
पाहिलं, एवढंच.

वैशंपायन बाई छप्पन्नाव्या वर्षी शिकायला बसल्या,
बँकेतून मुदतीआधी बाहेर पडून.
माझी सर्व्हिसिंग दर महिन्याच्या दहाला.
मी गाडीच्या टपावर, कोपरापर्यंत ग्रीस,
आणि सातव्याच्या दाराच्या फटीतून ते खाली झिरपायचं.
एकच पान.
त्या पानात एकच जागा, जिथे त्या हटकून अडखळायच्या,
चष्मा पुसत असाव्यात,
मग पुन्हा पहिल्यापासून.

मी बेंजो पार्टीत सात वर्षं साइड ड्रम वाजवलेला.
गोठिवलीच्या हळदीत पहिला ठोका पडला
की म्हातारीचे गुडघेही ऐकतात.
इथे पाय कुठे टाकायचा तेच कळेना.
सम कुठाय? गाणं सुरू कधी होणार?
एकदा दार उघडं होतं, विचारलंच.
बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, उजव्या हाताला सगळेच ऐकतात,
डाव्याला ऐकून बघा.

पुढच्या दहाला गाडी वर चालली होती
आणि माझ्या पाठीमागून, हातभर अंतरावर,
काउंटरवेट खाली उतरत होतं :
ज्यात कुणी बसत नाही,
ज्याला आरसा नाही, पंखा नाही, बटणं नाहीत,
आणि जे नसेल तर दोन माणसांतही मोटर रडेल.
वीस वर्षं मी त्याच्या रुळांना तेल देतोय.
त्या दिवशी ते वरून ऐकू आलं,
सावकाश, एकेक पायरी,
उजवा हात जितका चढे तितकं हे उतरे.

डिसेंबरात बाईंनी वाशीचा एक पास दिला.
शाळेचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या,
चौघं जण अर्धगोलात. माइक नाही.
मी शोधत होतो, यांच्यातला म्होरक्या कोण.
मग डावीकडच्या बाईने नाकाने श्वास घेतला,
एवढासा,
आणि चारही गज एकदम उचलले गेले.

माझ्या हातात टॉर्च नव्हता. तरी मूठ वळली.

मधल्या एका शांततेत मी टाळी वाजवली. एकट्याने.
पुढचे दोघे वळून बघायला लागले.
संपलं नव्हतं म्हणे. थांबलं होतं फक्त.
हा फरक कुणी आधी सांगत नाही.

कोपरखैरण्याला घरी आलो तर अण्णा जागे.
चाळीस वर्षं कांदा-बटाटा वाहून
त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली.
"गायलं कोण?"
"कुणीच नाही."
"मग चार तास केलंस काय?"
"दीडच तास होतं. चौघं होते. एकमेकांना वाट देत होते."
अण्णांनी कूस बदलली.
"पैसे घेतले का रे, वाट द्यायचे?"

दहा जानेवारी.
बाई त्या जागेपाशी आल्या.
मी ब्रेकवर हात ठेवून थांबलो, आता अडखळणार.
नाही अडखळल्या.
पुढे जे होतं ते मी कधीच ऐकलेलं नव्हतं,
तीन पानं असावीत, चुकांसकट.
तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी बटण दाबत राहिलं,
मग शिव्या, मग चपलांचा आवाज जिन्यात.
मी गाडी सोडली नाही.

खाली येऊन रजिस्टरमध्ये नेहमीचंच लिहिलं :
दोर, ब्रेक, दार तपासलं.
आवाज तपासला.